बॅलिस्टिक पुट्टी म्हणून काच बसवायची लांबी (वाळून कडक होणारी पुट्टी) विकली, नागपुरातल्या पालकांनो जपून राहा

हे लिहायला दोन महिने उशीर झाला, आधी राग इतका होता की नीट लिहिता आलं नसतं. पण शाळा सुरू झाल्या, एअर रायफल शिकणारी नवीन पोरं घरी प्रॅक्टिसची सोय करायला लागली असतील आणि ही खोटी पुट्टी विकणारा माणूस अजून धंदा करून राहिला आहे, म्हणून आता लिहितोच.

माझी मुलगी तेरा वर्षांची. 2024 ला पॅरिसला कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेनं ब्राँझ मेडल घेतलं, ते टीव्हीवर पाह्यलं तेव्हापासून तिच्या डोक्यात शूटिंग बसलं. त्याचा इव्हेंट 50 मीटरचा, पण सुरुवात बहुतेक जण 10 मीटर एअर रायफलनंच करतात, तशी तिनंही केली. रेंजवर आठवड्यातून तीन दिवस जाते, बाकीचे दिवस घरी, आमच्या नंदनवनच्या घरी मागच्या भिंतीला लागून लांब बोळ आहे तिथं. आता घरी मारायचं म्हणजे पेलेट, म्हणजे एअर रायफलची शिशाची बारीक गोळी, अडवायला काहीतरी पाहिजे, त्याला पेलेट ट्रॅप म्हणतात. रेडीमेड महाग पडत होता म्हणून म्हटलं आपणच बनवू, काही मोठी गोष्ट नाही. मागं लोखंडी प्लेट, ती सरळ उभी नाही तर 45 अंशात पुढं झुकलेली, म्हणजे शिशाचा पेलेट आदळला की खाली ट्रेमध्ये पडतो, मारणाऱ्याकडे परत येत नाही. आणि प्लेटच्या पुढं मऊ मातीसारख्या पुट्टीचा जाड थर, पेलेट त्यातच रुतून बसतो, आवाजही होत नाही. ही पुट्टी म्हणजे डक्ट सील, वायरचे पाइप भिंतीतून जातात तिथली भोकं बुजवायला इलेक्ट्रिशियन आणि एसीवाले वापरतात ती. तिचा गुण एकच, ती वाळत नाही. वर्षानुवर्षं मऊच राहते. सगळा ट्रॅप त्या एका गुणावर चालतो.

फेब्रुवारीत एका ओळखीच्याच्या ओळखीतून एक माणूस भेटला. रेंजचं सामान पुरवतो म्हणाला, बोलायला गोड, भाऊ भाऊ करत. म्हणाला डक्ट सील जुनं झालं, माझ्याकडे बॅलिस्टिक पुट्टी आहे, इम्पोर्टेड, निळ्या डब्यात येते. 900 रुपये किलो, पाच किलो घ्या, प्लेट आणि बॉक्स मीच फॅब्रिकेट करून देतो. सगळे मिळून 7700 रुपये. बिल मागितलं तर म्हणे जीएसटी लागेल भाऊ, काऊन वाढवता, आणि पैसे त्यानं दुसऱ्याच कोणाच्या तरी नावाच्या यूपीआयवर घेतले. इथंच थांबायला पाहिजे होतं मी.

मी आंधळेपणानं घेतलं असं नाही. प्लेट 3 मिमीची ठरली होती, जाडी मोजायचा व्हर्नियर नेऊन कडेला लावून पाह्यला, 3.2 भरली. पुट्टी दाबून पाहिली, अंगठा रुतला. घरी आणून 25 बाय 25 सेंटिमीटरचा चार सेंटिमीटर जाड थर बसवला आणि पोरीनं दुसऱ्या दिवसापासून सुरू केलं. 10 मीटरच्या टार्गेटचा दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर असते आणि पेलेट साडेचारचा, म्हणजे चांगला मारणारा सगळे पेलेट रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत घालते. एका मॅचचे 60 शॉट धरले तर रोज तेवढे तरी होतातच. म्हणून पुट्टीतून शिसं अधूनमधून खोदून काढावं लागते, नाही तर शिशावर शिसं आदळून तुकडे उडतात. पहिले तीन आठवडे मी चमच्यानं काढत होतो, सहज निघत होतं. मग मार्च लागला, ऊन तापलं, पुट्टी घट्ट लागायला लागली. मला वाटलं हवेमुळे असेल.

एप्रिलच्या शेवटी एका संध्याकाळी ती मारत होती, पाच मीटरवरूनच, लहान टार्गेट लावून. मी मागं खुर्चीवर बसलेलो. टण्ण असा आवाज झाला, तिच्या डाव्या हाताला कूलर ठेवला होता त्याच्या पत्र्यावर. पाहतो तर पत्र्याला पोचा, आणि खाली टिकलीसारखा चपटा झालेला पेलेट. ती रायफल खाली ठेवून एवढंच म्हणाली, बाबा हे परत आलं न? डोळ्यावर चष्मा होता तिच्या, शूटिंगचा, पण कूलर आणि तिचा कान ह्यात हातभराचं अंतर होतं. तो पेलेट सेकंदाला 170 मीटरच्या आसपास वेगानं सुटते. परत येताना जोर कमी होतो हे खरं, पण डोळ्याला किती जोर लागते सांगा. त्या रात्री मला झोप लागली नाही.

सकाळी स्क्रू ड्रायव्हर घालून थर फोडला. वरचं बोटभर खापरासारखं कडक, शिसं त्यात असं पक्कं बसलेलं की निघेना, आणि आतून अजून मऊ. आतला गोळा हातात घेतला आणि वास आला. जवसाच्या तेलाचा. आमच्या आजीकडे गावी घाणीवरून आणलेलं जवसाचं तेल असायचं, तो वास मी विसरूच शकत नाही. गोळा पिशवीत घालून इतवारीत गेलो, तिथल्या एका जुन्या हार्डवेअरवाल्या काकांनी बोटात चोळला आणि म्हणाले, "अरे ही तर खिडकीच्या काचा बसवायची लांबी आहे, खडूची पावडर आणि जवसाचं तेल, ही वाळतेच, वाळायसाठीच असते." शंभर रुपयांच्या आत किलो मिळते म्हणाले.

मग प्लेटवरही संशय आला. काकांच्याच काट्यावर ठेवली. हिशोब साधा आहे, लोखंड एका घनसेंटिमीटरला 7.85 ग्राम, 30 बाय 30 ची 3 मिमी प्लेट म्हणजे 2 किलो 100 ग्रामच्या वर भरायला पाहिजे. भरली 1 किलो 350. उलटी करून रंग खरवडला तर चारी कडा आत दुमडलेल्या, 16 गेजचा पत्रा, म्हणजे 1.6 मिमी, कडेला डबल करून वरून काळा रंग मारलेला. मी व्हर्नियर जिथं लावणार तिथंच तेवढी जाडी दाखवली त्यानं. मधे पत्र्याला वाटीसारखा खड्डा पडलेला, आणि वाटी झाली की 45 अंशाचा काही उपयोग राहत नाही, पेलेट कुठंही जातो. एक सांगतो, पैशाचं दुःख कमी आहे, पोरीच्या जीवाशी खेळायचं डोकं लावून, मेहनत करून फसवलं याचा संताप जास्त आहे.

फोन केला. आधी म्हणाला तुम्ही उन्हात ठेवलं असेल. मग म्हणाला पोरगी वाकडं मारते. मग नंबर ब्लॉक. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पण बिल नाही, फक्त यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि चॅट, तेही दुसऱ्याच्या नावानं. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येते आणि पाच लाखापर्यंत फी लागत नाही असं वकील मित्रानं सांगितलं, ती तयारी करून राहिलो आहे. प्लेट, गोळा, तो चपटा पेलेट सगळं डब्यात जपून ठेवलं आहे.

नवीन ट्रॅप आता मी केला. प्लेट लोखंडाच्या बाजारातून, लोहा ओळीतून, समोर कापून, तोलून घेतली. डक्ट सील घ्यायच्या आधी सुपारीएवढा तुकडा मागून आणला आणि आठ दिवस गच्चीवर उन्हात ठेवला, मऊच राहिला तेव्हा बाकीचं घेतलं. शिसं काढताना हातमोजे, खाली ओलं फडकं, झाडू नाही, झाडूनं शिशाची धूळ उडते. आणि मुलगी आता पूर्ण 10 मीटरवरून मारते, मागचं दार आतून कडी लावून.

परवा रेंजवरच्या एका पालकांचा फोन आला, मानेवाड्याकडे राहतात, मुलगा अकरा वर्षांचा. सहज बोलता बोलता म्हणाले आम्हीही ट्रॅप केला, पुट्टी एकदम भारी आहे, निळ्या डब्यातली. मी विचारलं वास कसा येते हो तिला? थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, तेलासारखा. मी म्हटलं आज पोराला रायफल देऊ नका, मी काटा घेऊन येतो.