वॉल मिक्सरचं हँडल आतून फुगलं: १४ महिन्यांनंतरचा अनुभव

मिक्सरबद्दल (म्हणजे बाथरूमच्या भिंतीवरचा गरम-गार पाणी मिसळणारा नळ) आधी थोडक्यात. धार चांगली, गरम-गार जुळवायला सोपं, १४ महिन्यांत वॉशरही बदलावा लागला नाही. बॉडी पितळेची आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. मला लिहायचंय ते हँडलबद्दल, कारण गेल्या आठवड्यात गरम पाण्याचं हँडल आईच्या हातात तुटलं आणि तिचा तळवा कापला. ७४ वर्षांच्या बाईच्या हातात काय जोर असणार!

सुरुवातीचे चार महिने ते सारखं ढिलं व्हायचं. मी स्क्रू आवळायचो आणि प्लंबरला बोल लावायचो. पावसाळ्यात उलटंच झालं (आम्ही चिपळूणला राहतो). क्रोमवर बारीक फोड आले आणि हँडल स्पिंडलवर (नळाच्या ज्या दांड्यावर ते बसतं त्यावर) इतकं घट्ट बसलं की सर्व्हिसवाल्यालाही निघेना. त्याने कागदावर ‘अ‍ॅसिडने साफ केल्यामुळे’ असं लिहून वॉरंटी नाकारली. आमच्याकडे नळ फक्त ओल्या फडक्याने पुसतात. ते वाक्य मला अजून डाचतंय.

दुकानदार हँडलही पितळेचंच असल्याचं सांगत होता. म्हणून घरीच मोजलं. हँडलचं वजन भरलं ११८ ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्य केला आणि दोऱ्याला बांधलेलं हँडल तळाला न टेकवता पूर्ण बुडवलं. काटा १८ दाखवतो, म्हणजे हँडलएवढ्या आकाराच्या पाण्याचं वजन १८ ग्रॅम. ११८ भागिले १८ म्हणजे पाण्याच्या साधारण ६.६ पट जड. पितळ असतं तर काट्यावर १८ ऐवजी १४ च्या आसपास आकडा आला असता. हे जस्ताचं ओतकाम आहे, वर क्रोम.

इथपर्यंत माझं मत होतं की जस्ताचं काही घेऊच नये. ते बदललं. मावसभाऊ भोसरीत डायकास्टिंगच्या (साच्यात दाबाने धातू ओतण्याच्या) शॉपमध्ये आहे, त्याला तुकडे दाखवले. मोडलेली कड आतपर्यंत काळपट, नखाने खरवडली तर पापुद्रे सुटतात. तो म्हणाला, “दादा, हा जस्ताचा दोष नाही. यात भंगार ओतलंय.” स्कूटरचे कार्ब्युरेटर जस्ताचेच असतात आणि तीस-तीस वर्षं टिकतात.

फरक शिशाचा. या ओतकामात शिसं ०.००५ टक्क्याच्या वर चालत नाही, म्हणजे १०० किलोत जेमतेम ५ ग्रॅम. भंगारासोबत थोडं सोल्डर (डाग द्यायचं शिसं-कथील) भट्टीत गेलं तरी ही मर्यादा ओलांडली जाते. शिसं, कथील, कॅडमियम धातूच्या कणांच्या सीमांवर गोळा होतात. ओल आणि ऊब मिळाली की त्या सीमा गंजत जातात, गंजाला जागा जास्त लागते आणि अख्खी वस्तू आतून फुगून तडकते. गीझरच्या पाण्याखालचं हँडल, त्यात कोकणातला पावसाळा, आणखी काय हवं? १९३०च्या दशकातल्या डिंकी टॉइजच्या खेळण्यातल्या गाड्या संग्राहकांच्या कपाटात अशाच भुगा होताहेत. अमेरिकेत न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ मध्ये ९९.९९ टक्के शुद्ध जस्त वापरून ओतकामासाठी झमॅक नावाचे जस्ताचे मिश्रधातू आणले, त्यामुळे उपाय तेव्हापासून माहीत आहे.

प्लंबरची मी माफी मागितली. सुरुवातीचं ढिलं होणं त्याच्यामुळे नव्हतंच: हा मिश्रधातू ४०० अंशांच्या आत वितळतो, त्यामुळे आवळलेल्या स्क्रूखाली साध्या तापमानालाही हळूहळू दबतो.

पितळेचं हँडल ६२० रुपयांना मिळालं. २,८५० च्या मिक्सरवर हे पैसे कंपनीने आधीच लावले असते तर मी आनंदाने दिले असते. गार पाण्याचं हँडल अजून शाबूत दिसतं म्हणून तेवढंच ठेवणार होतो. दिवाळीत व्हर्नियरने त्याचा व्यास ४२.१ मिलिमीटर भरला होता. काल ४२.४ भरला. आज दुपारी दुसरंही पितळेचं घेऊन आलो.