चुना की सिलिकेट? समुद्राकाठच्या जांभ्याच्या घरासाठी

समुद्राच्या वाऱ्यात जांभ्याचं घर सांभाळणाऱ्याला प्लास्टिक पेंटची गत सांगायला नको. थोडे पावसाळे गेले की जोत्यापासून हातभर उंचीवर फुगे येतात, मग पोपडे सुटतात आणि पोपड्यांमागे खाराची पांढरी भुकटी निघते. जांभा पाणी पितो. ते पाणी खार घेऊन बाहेर यायला बघतं, आणि वर रंगाचा पापुद्रा असला की खार त्याच्यामागे स्फटिक होऊन त्यालाच ढकलून देतो. तेव्हा पुढचा रंग पापुद्रा न धरणारा, ओल बाहेर सोडणारा खनिजच हवा, इथपर्यंत तुम्ही आलेला आहात असं धरून चालतो. अडतं ते पुढे. कळीचा चुना विझवून रंग घरीच करावा, की सिलिकेट रंगाचे डबे मागवावेत?

आमचं घर देवगडच्या बाजूला आहे. आतल्या भिंतींना आणि पडवीला चुना आहे, पश्चिमेच्या उघड्या भिंतीला सिलिकेट. मोजमापाचं यंत्र माझ्याकडे नाही. हात फिरवून, नखाने खरवडून आणि पावसाची सर गेल्यावर भिंत कशी सुकते ते बघून जे कळलं, ते सांगतो. तुमची माती, तुमचा वारा वेगळा असेल, तर थोडं इकडेतिकडे होईलच.

दोघांमध्ये साम्य मोठं आहे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडीचा दगड होतो. सिलिकेट रंगात पोटॅशियम सिलिकेट असतं. ते गिलाव्यातल्या चुन्याशी आणि वाळूशी बांधलं जातं, आणि रंग भिंतीवर न राहता भिंतीत जातो. दोन्हींतून ओल बाहेर पडू शकते. सिलिकेटचं पेटंट जर्मनीतल्या बव्हेरियात आडोल्फ विल्हेल्म काइम यांनी 1878 मध्ये घेतलं, आणि स्वित्झर्लंडमधल्या श्विझच्या नगरभवनावर 1891 मध्ये दिलेला तो रंग टिकाऊपणाचा दाखला म्हणून आजही सांगितला जातो. चुन्याचा दाखला शोधायला एवढं लांब जावं लागत नाही. गोव्यापासून सावंतवाडीपर्यंतच्या देवळांमध्ये कावीची चित्रं आहेत: पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर काव मिसळलेल्या चुन्याचा लाल थर द्यायचा आणि तो ओला असताना कोरून खालचा पांढरा उघडा पाडायचा. जिथे छपराने पाणी अडवलं, तिथे ती चित्रं आजही स्पष्ट दिसतात. ही छपराची अट लक्षात असू द्या, पुढे तिच्यावरच बरंच ठरणार आहे.

आधी सिलिकेटचं मोठेपण मान्य करतो. कोकणात 2500-3000 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो सरळ पडत नाही. नैर्ऋत्येचा वारा त्याला भिंतीवर आडवा मारतो. अशा उघड्या भिंतीवरचा चुना एका पावसाळ्यात विरतो, फार तर दोन. जुन्या लोकांनी रुंद पागोळ्या ठेवल्या, पडव्या काढल्या, आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, पश्चिमेच्या अंगाला नारळाची झापं बांधली, ती यासाठीच. माझ्या पश्चिमेच्या भिंतीवरचा सिलिकेट मात्र तसाच आहे. हात फिरवला तर बोटाला काही लागत नाही, आणि उन्हाने रंगही उतरलेला नाही, कारण त्यातले रंग खनिजच आहेत. गडद छटा हवी असेल तरी सिलिकेटच. चुन्यात वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त रंग घातला की तो धरत नाही, भुकटी होऊन हाताला येतो. त्यामुळे चुन्यात गेरू, पिवडी, नीळ यांच्या फिक्या छटांवरच समाधान मानावं लागतं. मला त्या आवडतात, पण सगळ्यांना आवडतील असं नाही.

चुन्याबद्दलची नेहमीची तक्रार म्हणजे तो कपड्यांना लागतो. तक्रार खरी आहे, पण बहुतेक वेळा दोष घाईचा असतो. कळी विझवून लगेच फासली, भिंत कोरडी ठेवली आणि भर उन्हात जाड हात दिला, तर तो चुना दगड व्हायच्या आतच सुकतो आणि जन्मभर भुरभुरत राहतो. चुन्याला दगड व्हायला हवेइतकीच ओलही लागते. कळी विझवून काही आठवडे पाण्याखाली मुरू द्यावी, फडक्यातून गाळावी, भिंत आधी भिजवावी आणि ताकाइतके पातळ तीन-चार हात द्यावेत. पहिला हात दिल्यावर काही दिसतच नाही, ओली भिंत तेवढी काळपट होते, आणि रंगारी आणखी घट्ट करू का विचारतो. करू देऊ नका. सुकताना तो आपोआप पांढरा होत जातो. आपल्याकडे बरेच जण त्यात मीठ टाकतात. समुद्राकाठी ते टाळावं असं माझं मत आहे. मीठ हवेतली ओल ओढतं, आणि खाराला तर आपण आधीच कंटाळलेले आहोत. थोडा डिंक किंवा सरस चालतो. कळी विझवताना डोळ्यांना चष्मा हवाच. पाणी उकळतं, उडतं, आणि डोळ्यात गेलेला चुना कायमची इजा करू शकतो.

वेळेचं गणितही चुन्याच्या बाजूने आहे. आपल्याकडे घर रंगवायचं ते गणपतीच्या आधी, म्हणजे नेमकं हवा पाण्याने जड झालेली असताना. आतल्या भिंतींना चुना त्या हवेतही देता येतो, सावकाश सुकणं त्याला मानवतंच. सिलिकेटला दोन हातांमध्ये किमान 12 तास कोरडे लागतात आणि पहिले काही दिवस भिंतीवर पाणी यायला नको. म्हणजे तो दिवाळीनंतरच. बाहेरचा चुनाही दिवाळीनंतरच द्यावा. मे महिन्यात दिलेला चुना दगड व्हायच्या आधीच पहिल्या पावसात वाहून जातो.

जुना रंग खरवडण्याच्या कामातून दोघांपैकी कोणीच तुम्हाला सोडवत नाही. खाली प्लास्टिक पेंट, ऑइल पेंट किंवा पुट्टी असेल तर ती गिलाव्यापर्यंत काढावी लागते, नाहीतर चुना सुटतो आणि सिलिकेटला धरायला खनिज मिळत नाही. सिलिकेटच्या वेळी काचा, फरशी, दाराचे ग्रॅनाइट उंबरे नीट झाका. शिंतोडा सुकला की काचेवर कायमचा व्रण राहतो. आणि दुकानात हल्ली ‘लाइमवॉश फिनिश’ म्हणून जे मिळतं त्यातलं पुष्कळसं अॅक्रिलिकच असतं, म्हणजे प्लास्टिक पेंटच, तेव्हा डब्यावरचा मजकूर वाचून घ्या. भिंतीवर पाण्याचा थेंब टाकून बघा. खऱ्या चुन्यात तो जिरतो आणि तेवढा भाग काळपट पडतो.

आता ज्या एका गोष्टीने माझं मन ठरलं, तिच्याकडे येतो. ती म्हणजे ठिगळ.

कौलारू घरात भिंत कायम शाबूत राहत नाही. वानरं कौलं फोडतात. नारळांचा घड पडतो. पन्हळ तुंबते आणि एका रात्रीत छपरापासून जोत्यापर्यंत लाल ओघळ उतरतो. कधी वायरमन बोर्डासाठी भिंत फोडतो, कधी खुंटी निघते आणि सोबत वीतभर गिलावा घेऊन येते. ही वर्षानुवर्षांची, दरवर्षीची गोष्ट आहे. माझ्या सिलिकेटच्या भिंतीला असा एक ओघळ आला. ओघळ फार मोठा नव्हता. पण त्यावर तोच रंग, त्याच छटेचा, दिला तर ठिगळ लांबून दिसायला लागलं. जुना भाग रंग पिऊन बसलेला, नवा गिलावा वेगळ्या चालीने पितो, त्यामुळे छटा जुळत नाही. माहीतगार रंगारी सांगतो की कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सगळी भिंत पुन्हा घ्या. उरलेल्या डब्याचा भरवसा नाही, कारण उघडलेला सिलिकेट रंग पुढच्या हंगामापर्यंत घट्ट होऊन बसतो. म्हणजे पुन्हा मोठ्या शहरातून मागवा, वाट बघा, परांची बांधा. वीतभर डागासाठी एवढं.

पडवीतल्या चुन्याच्या भिंतीवर हेच संकट आलं की डाग घासायचा, भिजवायचा, कळशीतल्या मुरलेल्या चुन्याचे दोन-तीन पातळ हात कुंच्याने द्यायचे, कडा ओल्या फडक्याने पुसत न्यायच्या. चुन्याची भिंत मुळात ढगाळ असते, कुठे दाट, कुठे विरळ. ठिगळ त्या ढगाळपणात मिसळून जातं. एक दिवाळी गेली की कुठे होतं ते मलाही शोधावं लागतं. विझवलेला चुना पाण्याखाली झाकून ठेवला तर वर्षानुवर्षं खराब होत नाही, उलट सुधारतो. हे काम घरातलं कोणीही करू शकतं, आणि करतं. रंग किती वर्षं हात न लावता टिकतो, हे मी आधी विचारायचो. आता विचारतो की बिघडला तर दुरुस्त करायला काय लागतं.

म्हणून सल्ला असा: पागोळी, पडवी किंवा झाप यांतलं काही आड असेल, तर चुनाच घ्या. वाऱ्याला उघडी, छपराचा आडोसा नसलेली एखादी भिंत असेल, तर तेवढ्या भिंतीला सिलिकेट द्या आणि तो आणलात तर ती एक भिंत पूर्ण होईल एवढाच आणा. आणि ओल जोत्यातून वर चढत असेल तर आधी अंगणाचा उतार आणि पन्हळ बघा. तिथे कुठलाच रंग काही करू शकत नाही.

जमिनीबद्दल थोडक्यात. नवी जमीन करायची असेल तर लाल ऑक्साइडचा कोबा अजूनही मनापासून सुचवतो: सिमेंटमध्ये लोहाचा लाल रंग, थापीने एका दमात घोटलेला, आठवडाभर पाणी धरलेला, नंतर अधूनमधून खोबरेल तेलाचं फडकं. त्याला भेगा जातात, म्हणून मोठ्या खोलीत काचेच्या पट्ट्या टाकून चौकोन पाडून घ्या. खरी अडचण ही की चांगला घोटणारा गवंडी आता सहज मिळत नाही. मायक्रोसिमेंट म्हणजे सिमेंटचा पातळ थर, दोन-तीन मिलिमीटरचा असतो आणि जुन्या टाइल्सवर बसतो, ही त्याची मोठी सोय. पण त्याच्यावर पॉलियुरेथेनचा लेप लागतो. पावलांबरोबर येणारी पुळणीची वाळू त्या लेपाला ओरखडे पाडते, आणि तळमजल्यावर खालून ओल आली तर लेपाखाली पांढरे डाग धरतात. माडीवर चालेल. खाली मी करणार नाही.

लाकडाला चुना नको. सागासारख्या लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे चुना त्यावर डाग पाडतो. लाकडासाठीचे सिलिकेट रंग वेगळे येतात, साधा सिलिकेट लाकडावर धरत नाही. दारांना मी उकळलेल्या जवसाच्या तेलात गेरू घोटून देतो. यात नवं काही नाही. स्वीडनमध्ये फालुनच्या तांब्याच्या खाणीतल्या लोहयुक्त मातीचा लाल रंग लाकडी घरांना शतकानुशतकं देतात, त्यातही जवसाचं तेल असतं. ऑइल पेंट दाराच्या तळाला, जिथे पावसाळ्यात लाकूड फुगतं, तिथे पहिला सुटतो. गेरू-तेल सुटत नाही, फिकं पडतं, आणि त्यावर पुन्हा हात देता येतो. एक उणेपणा आहे: दमट हवेत कच्च्या जवसाच्या तेलावर बुरशीचे काळे ठिपके येतात. म्हणून तेल उकळलेलंच घ्या, हात पातळ द्या, आणि काम मार्च-एप्रिलच्या उन्हात करा. काजूच्या टरफलांचं तेल होड्यांना आणि कुंपणाच्या खांबांना ठीक आहे, पण ते काळं असतं आणि कातडीला भाजतं, घरातल्या दाराला नको. जवसाच्या तेलाच्या चिंध्या कोपऱ्यात गोळा करून ठेवू नका. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवून ठेवा किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळवा, मगच टाका.