बॅट सर्व्हे, रेडिंग: ऑक्टोबर ते ऑगस्टचा अनुभव (आधी दोन तारे, आता साडेतीन)

इंग्लंडात वटवाघळं संरक्षित आहेत. घराच्या छपरात ती आहेत का हे तपासून घ्यायचं, तो बॅट सर्व्हे. ज्या कंपनीकडून आम्ही तो करून घेतला, तिच्याबद्दल हे लिहितोय. आम्हाला लॉफ्टसाठी (माळ्यासाठी) छपराची उंची वाढवायची होती, त्यामुळे काम पीडीत, म्हणजे वेगळ्या अर्जाशिवाय चालणाऱ्या कामांत, बसत नव्हतं. ऑक्टोबरात प्लॅनिंगचा, म्हणजे बांधकाम परवानगीचा, अर्ज केला, तर काउन्सिलनं तो दाखलच करून घेतला नाही. का, तर बॅट सर्व्हे जोडलेला नाही.

मी म्हटलं, परवानगी द्या, त्यात सर्व्हेची अट घाला, काम सुरू व्हायच्या आत करून देतो. तसं चालत नाही. 06/2005 या सरकारी परिपत्रकातच आहे की संरक्षित प्राणी आहेत का आणि कामाचा त्यांना किती त्रास होईल, हे परवानगीच्या आधी कळायला हवं. बिल्डरला दिलेले पैसे तिकडे अडकले ते अडकलेच.

सर्व्हेचा सगळ्यांत स्वस्त कोट घेतला. नुसतं आतून-बाहेरून बघून रिपोर्ट द्यायचे 420 पौंड, वर व्हॅट. खाली हळूच बायोडायव्हर्सिटी नेट गेनची (बांधकामानंतर निसर्ग आधीपेक्षा 10 टक्के वाढवून द्यायची अट) एक ओळ घुसवलेली. ते 10 टक्क्यांचं प्रकरण फेब्रुवारी 2024 पासून मोठ्या आणि एप्रिलपासून लहान प्रकल्पांना लागू झालं, पण घरमालकाच्या अर्जाला त्यातून सूट आहे. मी ओळ काढायला लावली. तुमच्या कोटात दिसली तर तुम्हीही काढायला लावा, कोणी हूं की चूं करत नाही.

पहिली भेट थंडीत झाली. ती वर्षभरात कधीही चालते. इकॉलॉजिस्ट मुलगी माळ्यावर चढली, इन्सुलेशनवरची एक काळी लेंडी ग्लोव्ह घातलेल्या चिमटीत धरली आणि चुरडली. भुगा झाला, त्यात किड्यांच्या पंखांचे चकाकते तुकडे. उंदराची असती तर अशी चुरडली नसती, म्हणाली. म्हणजे वटवाघळाचीच. संपलं! आता वटवाघळं बाहेर पडताना बघायचे संध्याकाळचे सर्व्हे, आणि ते मे ते सप्टेंबर एवढ्याच काळात. म्हणजे सबंध हिवाळा हातावर हात ठेवून बसा. हे पहिल्या फोनवर सांगायला काय झालं होतं, हा माझा पहिला राग.

दुसरा राग कॅमेऱ्याचा, आणि तो जास्त मोठा आहे. दर रात्री सर्व्हेची फी वेगळी आणि वर ‘इन्फ्रारेड कॅमेरा, 180 पौंड’. माणूस बसणार, त्याच्या हातात वटवाघळांचा आवाज पकडणारा डिटेक्टर असणार, मग कॅमेरा कशाला? उत्तर आलं की बॅट कन्झर्वेशन ट्रस्ट या वटवाघळांसाठीच्या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांच्या 2023 च्या चौथ्या आवृत्तीप्रमाणे तो अपेक्षितच आहे, नसेल तर रिपोर्ट परत येऊ शकतो. बरं, आहे तर आहे, पण त्याला भाडं का? सुताराकडून काम करून घेताना करवतीचं भाडं आपण वेगळं देतो का? एवढ्या पैशांत जुना हँडीकॅम आणि इन्फ्रारेड दिवा विकत येईल. मी तसं लिहून कळवलं. ‘उपकरणांची झीज’ असं उत्तर आलं. कसली झीज? खुर्चीशेजारी स्टँडवर उभा असतो नुसता.

जूनमध्ये सूर्यास्तच सव्वानऊनंतर. त्याच्या पंधरा मिनिटं आधी बसायचं, ते अकरापर्यंत. सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या. अंधारात बागेत बसलेल्या त्या मुलीला त्यांनी चहा नेऊन दिला आणि आत येऊन मला विचारलं, “जावईबापू, ही पोरगी कशाची राखण करतेय?” मी म्हटलं, “आपल्याच पैशांची.”

पण इथे मला दोनाचे साडेतीन तारे करावे लागले. फुटेज मागून घेतलं (तुम्हीही मागा, आपणहून देत नाहीत). त्या रात्री डिटेक्टर सारखा तडतडत होता, पण आवाज नेमका कुठून हे कळेना. मुलीनं टिपलं ते फॅशियामागून (छपराच्या कडेच्या फळीमागून) निघालेलं वटवाघूळ. कॅमेऱ्यात मात्र छपरावरच्या चिमणीच्या (धुराड्याच्या) शिशाच्या पट्टीखालून आणखी एक बाहेर येताना दिसलं. आधी नाक, मग काही क्षण लटकलेलं, मग दगड सोडावा तसं खाली. कॉमन पिपिस्ट्रेल, वजन साधारण 5 ग्रॅम. एक पौंडाचं नाणं 8.75 ग्रॅमचं असतं. आमच्या घरानं त्याला नाण्यांच्या ढिगावर बसवलंय. घरातल्यांनी ती क्लिप पुन्हा पुन्हा पाहिली, मीसुद्धा.

म्हणजे भाडं मी दिलं आणि त्याच भाड्यानं माझंच काम वाढवलं. चिमणीच्या पट्टीला हात लावायचा तर आता तेही वटवाघळांच्या परवान्यात. आणि छपराखाली बिल्डरला टाकायचा होता तो श्वास घेणारा मेम्ब्रेन नको, जुन्या पद्धतीचं डांबरी 1एफ फेल्ट घाला म्हणे, कारण मेम्ब्रेनच्या सुट्या होणाऱ्या धाग्यांत वटवाघळांचे पाय आणि पंख अडकतात. बिल्डर कुरकुरला, मला पटलं. तो थर उघडून बघायला परत कोण जाणार आहे?

कोट घेतानाच विचारा: नॅचरल इंग्लंडच्या (वटवाघळांचे परवाने देणारी सरकारी संस्था) बॅट क्लास लायसन्सखाली तुमची नोंद आहे का? साध्या जातींची मोजकी वटवाघळं असतील तर त्याखाली काम बरंच लवकर सुटतं. आमच्यांची होती, हा त्यांचा मोठा गुण. रिपोर्टही पहिल्या फटक्यात मान्य झाला. मात्र तो साधारण 12 ते 18 महिनेच ताजा धरतात, म्हणून बिल्डरची तारीख आधी पक्की करा आणि मग सर्व्हे लावा. नुसती कौलं बदलायची असतील, प्लॅनिंग लागत नसेल, तर आधी बॅट कन्झर्वेशन ट्रस्टच्या हेल्पलाइनला फोन करा. घरमालकांना तिथे फुकट सल्ला मिळतो. आणि फट बुजवून टाकण्याचा विचार कोणी सुचवला तर ऐकू नका, तो गुन्हा आहे, दंडाला कमाल मर्यादा नाही आणि तुरुंगवासही होऊ शकतो.

उरलेला दीड तारा कॅमेऱ्याच्या भाड्याचा. ते परत केलं तर वाढवीन.