सिएटलचा रस्ता की इव्हॅन्स्टनचा? कौन्सिलपुढे नेमकं काय मागायचं

अमेरिकेतल्या आपल्या गावात वांशिक विषमतेबद्दल काहीतरी व्हावं असं वाटतं, सिटी कौन्सिलच्या बैठकीला जायचंही ठरलंय, पण माइकसमोर मिळणार दोनच मिनिटं. अशा वेळी सिएटल आणि इव्हॅन्स्टन या दोन शहरांचे दाखले हटकून दिले जातात. दोन्हीकडे हेतू एक असला, तरी मागणी अगदी वेगळी आहे.

सिएटलने 2004 मध्ये, महापौर ग्रेग निकल्स यांच्या काळात, 'रेस अँड सोशल जस्टिस इनिशिएटिव्ह' सुरू केला. यात कोणाच्या हातात पैसे ठेवले जात नाहीत, सवाल केले जातात. निर्णय घेण्याआधी खात्याने विचारायचं: याचा फायदा कोणाला, भार कोणावर, आणि ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना विचारलं का? ऐकायला हे कागदी वाटतं. मलाही वाटलं होतं, रस्त्यावरच्या दिव्यांची गोष्ट कळेपर्यंत. तिथे तक्रार आली की दिवा बदलत. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, असा हा कारभार. आता फोन कोण करणार? ज्याला इंग्रजी सफाईने येतं, ज्याच्या हाताशी वेळ आहे आणि फोन केला की काम होतं असा ज्याचा अनुभव आहे, तोच. म्हणजे उजेड सुखवस्तू वस्त्यांत आधी पडायचा. मग तक्रारीची वाट न पाहता भागवार, ठरलेल्या वेळापत्रकाने दिवे बदलायला सुरुवात झाली. नियम बदलला आणि कोणाची जात, वंश, रंग न विचारता फरक पडला.

खोट एवढीच की प्रश्नावली भरणं हेच काम होऊन बसू शकतं. निर्णय आधी, वस्तीची बैठक नंतर, हा प्रकार आपल्याला काही नवा नाही.

शिकागोला लागून असलेलं इव्हॅन्स्टन कृष्णवर्णीयांशी झालेल्या जुन्या भेदभावाच्या थेट भरपाईकडे गेलं. नगरसेविका रॉबिन रू सिमन्स यांच्या पुढाकाराने 2019 मध्ये ठरलं की गांजाविक्रीवरच्या कराचे पहिले 1 कोटी डॉलर यासाठी ठेवायचे. मार्च 2021 मध्ये पहिली योजना 8 विरुद्ध 1 मतांनी मंजूर झाली: 1919 ते 1969 या काळात गावात राहिलेल्या कृष्णवर्णीय रहिवाशांना किंवा त्यांच्या थेट वारसांना घरासाठी 25,000 डॉलर. जानेवारी 2022 मध्ये चिठ्ठ्या टाकून निवडली गेली ती फक्त 16 माणसं.

विरोधातलं ते एक मत कृष्णवर्णीय नगरसेविका सिसिली फ्लेमिंग यांचं होतं, हे विसरू नका. पैसा घरावरच खर्च करा हे नगरपालिकेने का सांगावं, असा त्यांचा मुद्दा होता. 2023 मध्ये रोख रकमेचा पर्याय आला, म्हणजे त्यांचं म्हणणं अगदीच वावगं नव्हतं. 2024 मध्ये योजनेविरुद्ध फेडरल कोर्टात दावाही दाखल झाला.

तर कौल कोणाला? तुमच्या गावात जुन्या भेदभावाची कागदपत्रं, कराचा नवा स्रोत आणि वर्षानुवर्षं टिकून राहणारी संघटना, तिन्ही असतील तर इव्हॅन्स्टन. यातलं एकही कमी असेल तर तो हट्ट धरू नका. बहुतेक उपनगरांना सिएटलचाच रस्ता परवडेल.

मात्र सिएटलमध्येही सगळं खात्यांच्या प्रश्नावलीतून झालं असं समजू नका. 21 फेब्रुवारी 2023 रोजी जातीवरून भेदभाव करण्यास बंदी घालणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर ठरलं. प्रस्ताव पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या तत्कालीन नगरसेविका क्षमा सावंत यांचा होता. पण तो 6 विरुद्ध 1 ने मंजूर झाला, त्यामागे आंबेडकरी आणि इतर दलित संघटनांची पुढे येऊन बोलणारी माणसं होती. विरोधात बोलायलाही आपलेच देशबांधव आले होते.

पहिल्या बैठकीला जाताना भाषण लिहू नका. दिवे, फूटपाथ, तुंबलेली गटारं यांच्या गेल्या वर्षीच्या तक्रारी वस्तीवार मागा, आणि प्रत्येक तक्रार मिटायला किती दिवस लागले तेही. नकाशावर मांडलंत की दोन मिनिटं पुरतात.