'आजी, पुढे खून झालाय, दागिने काढून ठेवा': तोतया पोलिसांची पुडी

ही फसवणूक चार-पाच मिनिटांत उरकते. कुणी हात उगारत नाही, चाकू दाखवत नाही, ओरडायची वेळच येत नाही. साध्या कपड्यांतला माणूस रस्त्यात थांबवतो, 'पोलीस आहोत' म्हणतो, आणि अंगावरचे दागिने आपणच काढून त्याच्या हातात देतो. घरी येऊन पुडी उघडली की आत खडे निघतात. पुणे असो, नाशिक, ठाणे, कोल्हापूर की नागपूर, पद्धत वर्षानुवर्षे हीच आहे. ती एकदा नीट समजून घेतली तर पहिल्या वाक्यालाच ओळखता येते, म्हणून इथे बारकाईने लिहिले आहे. घरातल्या साठीपुढच्या माणसांना हे बसवून वाचून दाखवा. ज्याला अडवले जाते तो बहुतेक वेळा मोबाइलवर असले काही वाचणारा नसतो.

टोळीत साधारण तीन-चार जण असतात आणि दोन मोटारसायकली. दोघे 'पोलीस', एक 'वाटसरू' आणि कधीकधी एक जण थोड्या अंतरावर गाडी चालू ठेवून उभा. जागा अशी निवडतात की रस्ता रहदारीचा वाटावा, पण त्या पन्नास पावलांत दुकान नसावे: सोसायटीच्या कंपाउंडची लांब भिंत, शाळेची मागची बाजू, मैदानाच्या कडेचा पदपथ. वेळ बहुतेक सकाळची, म्हणजे देवळातून, बँकेतून, मंडईतून किंवा फिरायला जाऊन लोक परततात ती. नाहीतर दुपार उतरल्यावरची. संक्रांतीचे हळदीकुंकू, मार्गशीर्षातले गुरुवार, लग्नसराई, दिवाळी या दिवसांत कपाटातले दागिने अंगावर येतात, हे त्यांना आपल्याइतकेच माहीत असते. आणि एकटे माणूस गाठतात. सोबत नातू जरी असला तरी सहसा सोडून देतात.

आता बोलण्याकडे लक्ष द्या. हाक आदराने येते: 'आजी, जरा थांबा', 'काका, एक मिनिट'. हिंदीमिश्रित मराठी असेल किंवा अगदी अस्सल, त्यावरून काही ठरवू नये. खिशातून कार्ड काढून डोळ्यांसमोरून फिरवतात आणि लगेच परत ठेवतात. मग भीती घालतात. 'काल रात्री पुढच्या चौकात एका बाईला भोसकलं, गळ्यातलं नेलं. साहेबांनी नाकाबंदी लावलीय. तुम्ही एवढं सोनं घालून कुठं निघालात?' सुरात काळजी असते आणि थोडा दरारा. पुरुषांना हेच जरा वेगळ्या शब्दांत: 'गांजाची तपासणी चालू आहे, खिशातलं सगळं काढा, रुमालात ठेवा.'

इथपर्यंत बरेच जण घुटमळतात. ती शंका मोडायला तिसरा माणूस असतो, आणि सगळी फसवणूक त्याच्यावर उभी आहे. नेमक्या त्या क्षणी एक चांगल्या कपड्यांतला गृहस्थ तिथून चाललेला दिसतो, गळ्यात जाड चेन, बोटात अंगठी. 'पोलीस' त्याच्यावर ओरडतो: 'ओ, इकडे या! मघाशी सांगितलं ना, सोनं घालून फिरू नका म्हणून?' तो गृहस्थ वरमतो, 'सॉरी साहेब' म्हणतो, चेन आणि अंगठी काढून देतो. पोलीस ती कागदात बांधून त्याच्याच हातात ठेवतो आणि तो निघून जातो. हे पाहिल्यावर बाईंना वाटते, आपल्यालाच अडवलेले नाही, सगळ्यांनाच सांगतायत. त्या माणसाचे सोने त्याला परत मिळालेले आपण डोळ्यांनी पाहिले. शंका जाते. हात आपोआप मंगळसूत्राकडे जातो.

पुडीची अदलाबदल कशी होते ते सावकाश पाहू. कागद किंवा रुमाल आपल्यासमोर पसरतात. आपण एकेक दागिना त्यावर ठेवतो: मंगळसूत्र, पाटल्या, अंगठी. तो आपल्यादेखत घडी घालतो, गाठ मारतो. इथवर सगळे खरे असते आणि आपली नजरही पुडीवरच असते. मग तो म्हणतो, 'द्या पिशवी, खाली नीट ठेवतो, वर दिसायला नको.' त्याचा हात पिशवीत जातो, आणि त्याच वेळी दुसरा विचारतो, 'आजी, घरी कोण कोण असतं? कुठल्या बिल्डिंगमध्ये राहता?' आपण उत्तर द्यायला मान वळवतो. एवढेच पुरते. आधीच तयार ठेवलेली, तशाच कागदाची, तेवढ्याच जाडीची दुसरी पुडी पिशवीत पडते आणि खरी त्याच्या मुठीत राहते. आत खडे असतात, कधी बेन्टेक्सच्या बांगड्या, म्हणजे हाताला वजन लागते. गाठ मुद्दाम घट्ट, आणि वर सूचना: 'घरी जाईपर्यंत उघडू नका, कुणी बघेल.' या सूचनेने त्यांना दहा-पंधरा मिनिटे मिळतात. एका मंगळसूत्रात आणि पाटल्यांच्या जोडीत चार-पाच तोळे सहज जातात.

फसलेल्या माणसाला वेडे ठरवण्याआधी एक जुनी गोष्ट आठवावी. १९ मार्च १९८७ रोजी मुंबईत ऑपेरा हाउस भागातल्या नामवंत सराफी पेढीवर सीबीआयचा 'छापा' पडला. सूत्रधाराने वर्तमानपत्रात जाहिरात देऊन तरुण उमेदवार गोळा केले होते. आपण खऱ्या सरकारी कामावर आहोत असेच त्यांना वाटत होते. दागिन्यांचे 'नमुने' पिशव्यांत भरून सील केले गेले आणि तो माणूस ते घेऊन नाहीसा झाला, तो कायमचा. पिढ्यान्‌पिढ्या सोने हाताळणारी माणसेही हुद्द्याच्या शब्दापुढे गप्प बसली. मग रस्त्यात एकटी गाठलेली सत्तरीची बाई बावरली तर त्यात तिचा काय दोष? पोलिसाचे ऐकावे, उलट बोलू नये, हेच तिला जन्मभर शिकवले गेले आहे. या चोरांचे भांडवल तेवढेच आहे.

याच घराण्यातले दुसरे प्रकार थोडक्यात. 'शेटला मुलगा झालाय, गरिबांना साड्या वाटतोय, तुम्ही गरीब दिसायला हवं, दागिने काढून ठेवा': यात पोलीस नसतो, पुडी तीच. एसटी स्टँडाबाहेर किंवा बाजार समितीच्या रस्त्यावर रोकड घेऊन निघालेल्याला 'बॅग तपासायची आहे' म्हणून थांबवतात आणि नोटा मोजता मोजता मधल्या काढून घेतात. व्हिडिओ कॉलवर गणवेश दाखवून 'डिजिटल अरेस्ट' करणारे आता सर्वांना माहीत झाले आहेत. अशी कोणतीही अटक कायद्यात नाही, आणि पैसे गेलेच तर पहिल्या काही मिनिटांत १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा.

आता खरा पोलीस काय करू शकतो ते पाहू. कायदेशीर नाकाबंदीला बॅरिकेड असतात, गणवेशातले कर्मचारी असतात, जवळ पोलिसांची गाडी असते. ते वाहनाची कागदपत्रे पाहतील (डिजिलॉकरमधली चालतात), डिकी उघडायला सांगतील. सुरक्षेसाठी दागिने काढून पुडी बांधून द्यायचे काम पोलिसांचे नाही, कुठल्याही शाखेचे नाही, कुठल्याही बंदोबस्तात नाही. हे वाक्य ऐकले की समोर चोर आहे असे समजावे; इतर काही तपासत बसू नये. वस्तू जप्त करायची असेल तर पंचनामा होतो, मालाची यादी होते, सह्या होतात, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचे चित्रीकरणही करावे लागते. स्त्रीची अंगझडती फक्त स्त्री पोलीसच घेऊ शकते. 'चला, चौकशीला चला' म्हणाले तर त्याच संहितेचे कलम १७९ लक्षात ठेवा: स्त्रीला, तसेच ६० वर्षांवरील पुरुषाला, साक्षीदार म्हणून जबाबासाठी राहत्या जागेबाहेर येण्याची सक्ती करता येत नाही.

अडवले की कायद्याची कलमे आठवायची नसतात. एकच गोष्ट करायची: पाय थांबवायचे नाहीत. औषधांचे दुकान, रिक्षा स्टँड, सोसायटीचा वॉचमन, जे जवळ असेल तिकडे चालत राहायचे आणि मोठ्याने बोलायचे: 'मी दागिने काढणार नाही. पोलीस ठाण्यात येते, तिथे बोलू.' खऱ्या पोलिसाला या वाक्याची अडचण नसते. चोराला मात्र 'ठाणे' आणि 'मोठ्याने' या दोन्ही गोष्टी परवडत नाहीत. फोन हातात असेल तर ११२ हा आपत्कालीन क्रमांक लावा. साध्या फोनवरूनही लागतो, मराठीत बोलता येते. कार्ड दाखवले तर ते हातात घेऊन नाव आणि ठाणे मोठ्याने वाचा. हातात देत नसेल तर पुढे बोलूच नका. पिशवी आणि पर्स कुणाच्याही हातात द्यायची नाही. घरी एकदा हे वाक्य मोठ्याने म्हणवून घ्यावे, दोन-तीनदा. तोंडात बसलेले वाक्यच अशा वेळी बाहेर पडते.

आणि तरीही घडलेच तर?

पुडी फेकू नका. रागाने खडे फेकून देणारे, कागद चोळामोळा करणारे बरेच असतात. त्या कागदावर, रुमालावर बोटांचे ठसे असू शकतात. कमीत कमी हाताळा, स्वच्छ कागदी पाकिटात घाला आणि तशीच पोलिसांकडे न्या. शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत बसण्याआधी आठवते ते कागदावर उतरवा: वेळ, जागा, गाड्यांचा रंग, हेल्मेट, अंगकाठी, बोलण्याची ढब, पायातले बूट, कोणत्या दिशेने गेले. चार लोकांनी चार प्रश्न विचारले की आठवण त्यांच्या प्रश्नांप्रमाणे बदलत जाते. त्या तिसऱ्या 'वाटसरू'चे वर्णन आवर्जून लिहा. त्याचा चेहरा झाकलेला नसतो, आणि तक्रारीत बहुतेकदा तोच राहून जातो, कारण तो टोळीतला होता हे फिर्यादीच्या लक्षातच आलेले नसते.

सीसीटीव्हीसाठी त्याच दिवशी पळा. दुकानांचे आणि सोसायट्यांचे रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. फक्त घटनेची जागा पाहू नका. देवळापासून, बँकेपासून तुमच्या मागे कोण होते ते मागच्या कॅमेऱ्यांत सापडते, कारण पाठलाग तिथून सुरू झालेला असतो.

पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदाराकडे फिर्याद द्यायची. इथे एक गोष्ट नीट पाहा: 'तक्रार अर्ज घेतला' म्हणजे गुन्हा दाखल झाला असे नाही. गु.र.नं., म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर, मिळाला पाहिजे आणि एफआयआरची प्रत मोफत मिळाली पाहिजे. दागिने 'गहाळ' झाले असे लिहिले असेल तर सही करू नका. 'तुम्हीच काढून दिलेत' हे गुन्हा न नोंदवण्याचे कारण होत नाही. फसवून काढून घेणे हाच गुन्हा. भारतीय न्याय संहितेत लोकसेवक असल्याचे भासवण्याला कलम २०४ आहे, शिक्षा किमान ६ महिने आणि कमाल ३ वर्षे. फसवून मालमत्ता घेण्याला कलम ३१८(४), ७ वर्षांपर्यंत. हद्दीचा वाद निघाला तर शून्य क्रमांकाने गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. नोंदवतच नसतील तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांकडे, आयुक्तालय असेल तिथे उपायुक्तांकडे, पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा.

सोबत कागद कोणते? सराफाची पावती असेल तर उत्तम. नसेल तर लग्नकार्यातले फोटो, ज्यात ते दागिने गळ्यात स्पष्ट दिसतात. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, असतो. पावतीवर तो लिहिलेला असेल तर सोबत द्या. आजच, काही घडण्याआधी, घरातल्या प्रत्येक दागिन्याचा फोटो आणि ग्रॅममधले वजन एका वहीत लिहून ठेवा. तासाभराचे काम आहे.

घरच्यांना एक कळकळीची विनंती: त्या दिवशी 'तू काढून दिलेसच कसे' हा प्रश्न विचारू नका. या प्रश्नाच्या धास्तीने कितीतरी बायका दोन-दोन दिवस घरात बोलत नाहीत, आणि तोवर कॅमेऱ्यातले चित्र आणि चोर दोन्ही गेलेले असतात. ज्येष्ठांना धीर हवा असेल, पुढे काय करायचे ते कळत नसेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

टोळी पकडली गेली तरी सोने बहुतेक वेळा वितळवलेले असते. पोलिसांच्या हाती येते ती लगड. ती परत मिळवायला न्यायालयात अर्ज करावा लागतो, सोबत एफआयआरची प्रत, ओळखपत्र आणि हमीपत्र. एकाच लगडीवर तीन-चार फिर्यादींचा हक्क असू शकतो, आणि मग कुणाचे किती हे एफआयआरमध्ये लिहिलेल्या वजनावर ठरते. म्हणून फिर्यादीत 'एक मंगळसूत्र' एवढेच लिहू देऊ नका. दोन वाट्या, किती पदरी, काळे मणी, मधले डोरले, एकूण इतके ग्रॅम, असे सगळे सांगून लिहून घ्या, आणि सही करण्याआधी ते मोठ्याने वाचून दाखवायला सांगा.