भिंगाचं गणित अडलंय, विचारायचं कुणाला? गाईड, व्हिडिओ, सर की एआय

राज्य मंडळाच्या दहावीला विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे दोन भाग असतात आणि प्रत्येकाचा 40 गुणांचा लेखी पेपर असतो. धडा शाळेत शिकवून होतो, स्वाध्याय मात्र घरी सोडवायचा. तिथे काही अडलं की मूल जे हाताशी असेल त्याकडे वळतं. कपाटातलं गाईड काढतं, मोबाइलवर व्हिडिओ लावतं, क्लासच्या ग्रुपवर फोटो टाकतं किंवा एआयला विचारतं. यातलं कुठलं घ्यावं, असं पालक विचारतात तेव्हा मी आधी वही मागते. मूल नेमकं कुठे अडलंय, यावर उत्तर ठरतं.

एकच गणित घेऊ. बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर 10 सेमी, वस्तू भिंगापासून 15 सेमीवर, तर प्रतिमा कुठे मिळेल? बरोबर उत्तर 30 सेमी. कितीतरी वह्यांमध्ये 6 सेमी सापडतं, आणि हे 6 दोन वेगळ्या वाटांनी येतं. काही मुलं भिंगाचं सूत्र बरोबर लिहितात, पण कार्टेशियन चिन्ह संकेत (कुठल्या बाजूचं अंतर अधिक आणि कुठल्या बाजूचं वजा घ्यायचं, तो नियम) विसरून वस्तूचं अंतर वजा 15 ऐवजी अधिक 15 घेतात. काहींचं चिन्ह बरोबर असतं, पण सूत्र नववीतल्या आरशाचं असतं. व्ही म्हणजे प्रतिमेचं अंतर, यू म्हणजे वस्तूचं. आरशाला 'एक छेद व्ही अधिक एक छेद यू', भिंगाला 'वजा'. आता गंमत बघा. ज्याने दोन्ही चुका एकदम केल्या, त्याचं उत्तर 30 येतं!

इथे गाईडची मर्यादा कळते. गाईडमध्ये सोडवलेलं गणित स्वच्छ असतं, 30 असतं. 6 काढणारा मुलगा ते उतरवून घेतो आणि आपली चूक दोनांपैकी कुठली होती, हे त्याला कळतच नाही. दोन चुका करणारी मुलगी उत्तर जुळलं म्हणून बरोबरची खूण करते. पुढे विशालन, म्हणजे प्रतिमा किती पट आणि उलटी (वजा) की सुलट (अधिक), काढायला सांगितलं की घोटाळा होतो. व्ही छेद यू केलं की वजा 2 च्या जागी अधिक 2 येतं, म्हणजे पडद्यावर मिळणारी वास्तव प्रतिमा तिच्या वहीत सुलट होऊन बसते. म्हणून गणितासाठी गाईड आधी उघडू नये. स्वतः सोडवून झाल्यावर पायऱ्या ताडून बघायला ते चांगलं.

व्हिडिओचं काम वेगळं. संकल्पनाच डोक्यात बसली नसेल, किरण भिंगातून जाताना का वळतो हेच कळलं नसेल, तर चांगला व्हिडिओ पुस्तकातल्या आकृतीपेक्षा पुष्कळ समजावतो. सुरुवात बालभारतीच्या पुस्तकावर छापलेल्या क्यूआर कोडपासून करावी. तो स्कॅन केला की दीक्षा या सरकारी शैक्षणिक पोर्टलवर त्या अभ्यासक्रमाचं साहित्य मिळतं, आणि तेही फुकट. विद्युत परिपथासाठी कोलोरॅडो विद्यापीठाची फेट ही सिम्युलेशन्स मला व्हिडिओहून आवडतात. मूल स्वतः तारा जोडतं, बल्ब एकसरीत लावतं, मग समांतर लावतं, आणि प्रकाश कमी-जास्त झालेला बघतं. मराठी माध्यमाच्या मुलांनी हिंदी व्हिडिओ बघताना मात्र जपावं. आपल्या पुस्तकात आम्ल, आम्लारी आणि क्षार असतात. हिंदीत क्षार म्हणजे आपली आम्लारी, आणि आपल्या क्षाराला ते लवण म्हणतात. पेपरात ही गल्लत गुण घालवते. आणि कितीही चांगला असला तरी व्हिडिओ वही बघत नाही.

वही बघतात ते सर किंवा बाई. वरच्या गणितात कुठली चूक झाली, हे वही समोर असली की अर्ध्या मिनिटात सांगता येतं. त्यासाठी शाळेतल्या शिक्षकांना मधल्या सुट्टीत गाठावं, पण 'गणित येत नाही' म्हणून नाही, तर अर्धवट का होईना सोडवलेलं घेऊन. क्लास लावायचा असेल तर फी विचारण्याआधी एवढं विचारा की मुलाची वही कोण बघणार आणि किती दिवसांनी. साठ मुलांच्या बॅचमध्ये फळ्यावरचं उतरवून घेणं होत असेल, तर ते गाईडसारखंच झालं, फक्त महाग. रोज ठरलेल्या वेळी बसायची सवय लागत नसेल, तर मात्र क्लासचा उपयोग होतो.

एआयचा मोठा फायदा म्हणजे रात्री दहा वाजता सर भेटत नाहीत, ते भेटतं, आणि वहीचा फोटोही बघतं. पण नुसतं गणित दिलंत तर ते सरळ उत्तर देऊन मोकळं होतं. त्याऐवजी आपली सोडवणूक द्या आणि लिहा: 'उत्तर सांगू नकोस. माझी चूक कुठल्या ओळीत आहे ते सांग. मी महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीत आहे, कार्टेशियन चिन्ह संकेत वापर.' हे शेवटचं का, तर जगात दुसरीही एक चिन्हपद्धत चालते. तिच्यात भिंगाचं सूत्रही अधिक चिन्हाने लिहितात आणि 30 बरोबरच येतं. आपल्या मुलाला मात्र पुस्तक चुकलं की एआय, हेच कळेनासं होतं. शिवाय हाताने काढलेल्या किरणाकृती आणि परिपथ वाचताना एआय चुकतं आणि तितक्याच ठामपणे बोलतं. आकृती सरांनाच दाखवावी.

मला एकच क्रम सांगायला लावला तर मी म्हणेन: आधी पुस्तकातलं सोडवलेलं उदाहरण, मग स्वतःचा प्रयत्न, मग सर, आणि सर हाताशी नसतील तर वर सांगितल्या पद्धतीने एआय. गाईड सगळ्यात शेवटी.

फक्त 'शास्त्रीय कारणे लिहा' या प्रश्नांना हा क्रम मी उलटा करते. थंड प्रदेशात हिवाळ्यात पाण्याचे नळ का फुटतात, हे एआयला विचारलं तर ते पानभर सांगतं. परीक्षेत दोन-तीन मुद्दे लागतात: 4 अंश सेल्सिअसच्या खाली पाणी आकुंचन न पावता प्रसरण पावतं, 0 अंशाला बर्फ होताना आकारमान आणखी वाढतं, नळात जागा नसल्याने दाब वाढून तडे जातात. उत्तर किती लांब असावं याचा अंदाज गाईडमध्ये चांगला येतो. ते एकदा वाचावं, मिटावं आणि मग आपल्या शब्दांत लिहावं.