प्रोसेसर झोपेतून उठत नाही: झोप बंद करायची की कर्नल बदलायचा?

बिलिंगचा लिनक्स पीसी गर्दीच्या वेळी ठणठणीत चालतो आणि दुपारी गिऱ्हाईक नसताना नेमका हँग होतो. लॉगमध्ये एररसुद्धा सापडत नाही. असं असेल तर नवी रॅम घ्यायला लॅमिंग्टन रोड गाठण्याआधी सी-स्टेट, म्हणजे प्रोसेसरच्या झोपेच्या पायऱ्या, तपासा. काम नसलं की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, प्रोसेसरला झोपेच्या एकेक पायरीवर उतरवतो. सी-६ या खोल पायरीत तर कोअरची वीज जवळजवळ तोडलीच जाते. तिथून परतताना काही चुकलं की मशीन जागच्या जागी थांबतं. इंटेलच्या बे ट्रेल चिपांवर, म्हणजे सेलेरॉन जे१९०० वगैरेंवर, हा त्रास अनेकांनी भोगलाय. कर्नलच्या बगझिलात, म्हणजे दोषांच्या नोंदवहीत, त्याची नोंद १०९०५१ क्रमांकाची.

सर्वात झटपट उपाय म्हणजे ग्रबमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना कर्नल चढवणाऱ्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये, ‘इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१’ लिहिणं. पाच मिनिटांचं काम, पण सगळीच खोल झोप जाते. जे१९०० मुळात १० वॅटची चिप, त्यामुळे विजेच्या बिलाची काळजी नको. काळजी उष्णतेची: पंखा नसलेला डबा काउंटरखाली कोंडलेला आणि बाहेर मुंबईचा ऑक्टोबर. लॅपटॉपवर मी हा उपाय कायमचा ठेवणार नाही, बॅटरी लवकर उतरते.

मला स्वतःला दुसरी वाट जास्त पटते. सिसएफएसमध्ये, म्हणजे कर्नलच्या सेटिंगच्या फोल्डरात, प्रत्येक कोअरच्या प्रत्येक स्टेटची ‘डिसेबल’ नावाची फाइल असते. रूट (अ‍ॅडमिन) होऊन सगळ्या कोअरच्या त्या फाइलींत १ लिहिलं की तेवढीच पायरी बंद होते, रीस्टार्टही लागत नाही. रीबूटनंतर ती पुन्हा चालू होते, म्हणून मशीन सुरू होताना आपोआप चालणारी छोटी सिस्टमडी सर्व्हिस लिहावी लागते. पण दोषी पायरी कोणती हे इथेच कळतं, आणि बाकीची झोप शाबूत राहते.

खरा इलाज नवा कर्नल. उबुंटू एलटीएस (दीर्घकाळ सपोर्टची आवृत्ती) असेल तर एचडब्ल्यूई, म्हणजे नव्या हार्डवेअरसाठीचा, कर्नल टाकून बघा. जुना ग्रबच्या मेनूत राहू द्या. आधीच्या कर्नलवर सगळं नीट होतं अशी खात्री असेल तरच गिट बायसेक्टच्या, म्हणजे दर वेळी बदल निम्मे करत दोषी बदल शोधण्याच्या, वाटेला जा. दोन आवृत्त्यांमधले १४,००० कमिट (कोडमधले बदल) सुमारे १४ पायऱ्यांत निवळतात, हे ऐकायला सोपं वाटतं. पण मशीन दोन दिवसांतून एकदाच हँग होत असेल, तर प्रत्येक पायरी ‘चांगली’ ठरवायला किमान तेवढं थांबावं लागतं. महिना सहज जातो.

एएमडीच्या पहिल्या पिढीच्या रायझन प्रोसेसरवर मात्र आधी बायोस उघडा: ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ हा पर्याय ‘टिपिकल करंट आयडल’वर ठेवा.

तात्पुरता उपाय केलात तर ग्रबच्या फाइलमध्येच तारीख आणि कारण कॉमेंट म्हणून लिहा. नाहीतर असे उपाय विसरून वर्षानुवर्षं तसेच राहतात: २००२ साली जुन्या चिपसेटसाठी कर्नलमध्ये घातलेली एक फुकटची थांबण्याची युक्ती एएमडीच्या झेन (रायझन वगैरे) प्रोसेसरांनाही मंदावत होती. ती जुन्या इंटेल मशीनपुरती मर्यादित व्हायला २०२२चा ६.० कर्नल यावा लागला.

दिवाळी तोंडावर असेल तर आज ग्रबची ओळ टाका आणि डबा काउंटरखालून बाहेर काढा. झोपेच्या पायऱ्यांची तपासणी भाऊबीज झाल्यावर.